रोजची अ‍ॅसिडिटी: घशाशी येणारं आंबट आटोक्यात कसं आणावं

परळला आमच्या औषधाच्या दुकानाचं शटर वर गेलं की पहिल्या गिऱ्हाइकांत दोघं-तिघं तरी अ‍ॅसिडिटीची गोळी मागणारे असतात. कुणाला नाव तोंडपाठ, कुणाच्या हातात रिकामी स्ट्रिप. कधीपासून घेताय, असं विचारलं की माणूस नुसता हसतो. गोळी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण ती चुकीच्या वेळी घेतली जाते, जेवणाची वेळ न बदलता घेतली जाते, आणि थांबवायची कधी ते बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. हा लेख अशा, महिनोन् महिने छातीत जळजळ सोसणाऱ्यांसाठी आहे. लग्नात चार गुलाबजाम जास्त झाले म्हणून एका रात्री जळजळलं, तर त्याला एवढं काही वाचायची गरज नाही.

बिघडतं नक्की कुठे

जठरात आम्ल असणं हा आजार नाही. अन्न पचायला आणि पोटात गेलेले जंतू मारायला ते लागतंच. जठराचं अस्तर ते सोसू शकतं, अन्ननलिकेचं अस्तर सोसू शकत नाही. दोन्हींच्या मध्ये स्नायूंची एक झडप असते. घास खाली उतरताना ती उघडते आणि एरवी मिटलेली राहते. जुन्या अ‍ॅसिडिटीच्या बहुतेक रुग्णांमध्ये आम्ल जास्त तयार होत नसतं. झडप नको त्या वेळी सैल पडते आणि आम्ल वर येतं. पोट तुडुंब भरलं की ती जास्त वेळा सैल पडते. पोटाचा घेर वाढला की खालून दाब येतो. काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या भोकातून छातीत सरकलेला असतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात.

जेवणानंतर आणखी एक गोष्ट घडते. नव्याने सुटलेलं आम्ल अन्नात मिसळायच्या आधी त्याचा एक थर अन्नाच्या वर, झडपेच्या अगदी खाली साचतो. बरोबर त्याच वेळी माणूस आडवा झाला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. मुंबईकर नेमका त्याच वेळी आडवा होतो, म्हणून पुढे सगळ्यात जास्त जागा मी रात्रीच्या जेवणाला देणार आहे.

सगळ्यात आधी: हे हृदयाचं तर नाही ना

स्टेशनचा पूल चढताना छातीत जळजळ किंवा दाब येतो आणि दोन मिनिटं उभं राहिलं की जातो, असं असेल तर ते हृदयाचं आहे असंच धरून चाला. तपासणीत तसं नाही हे सिद्ध होऊ द्या, मग अ‍ॅसिडिटीचा विचार करा. जोडीला घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर अँटासिड पिऊन वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा. 'जेल्युसिल घेतल्यावर बरं वाटलं, म्हणजे गॅसच होता' हा तर्क धोक्याचा आहे. हृदयाचं दुखणंही थोडा वेळ आपोआप थांबतं. मधुमेही माणसांत आणि बायकांमध्ये छातीत ठसठशीत कळ न येता नुसती मळमळ, थकवा, पोटात वरच्या बाजूला अस्वस्थपणा एवढंच होऊ शकतं.

खाली लिहिलेल्यांपैकी एकही गोष्ट असेल तर घरगुती प्रयोग बाजूला ठेवून थेट पोटविकारतज्ज्ञाकडे जा: घास अडकणं किंवा गिळताना दुखणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसणं, हिमोग्लोबिन कमी येणं, उलट्या न थांबणं, किंवा पन्नाशी-साठीनंतर ही तक्रार आयुष्यात पहिल्यांदाच सुरू होणं. (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच काळी होतेच, तेवढ्याने घाबरू नका. पण सांगा मात्र नक्की.) केईएम, सायन, नायर, जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत पोटविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो आणि रांग लांब असते. तरी खासगीतला खर्च परवडत नाही म्हणून तपासणीच न करणं याला त्यामुळे कारण उरत नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर 'पित्त होतं' एवढंच सांगून थांबू नका. आपल्याकडे डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं आणि करपट ढेकर या सगळ्यांना आपण तोच शब्द लावतो. जळतं कुठे, केव्हा, वर काय येतं, आंबट की कडू, झोपेतून उठवतं का, ते सांगा.

दोन आठवडे वहीत लिहा

यासाठी मोबाइलमधलं अ‍ॅप नको, किराण्याच्या हिशेबाची वही पुरते. कधी जेवलो, काय आणि किती, आडवा कधी झालो, त्रास कधी झाला, एवढंच लिहायचं. उदाहरणार्थ: 'मंगळवार, रात्री १०:४०, पावभाजी, तीन पाव. ११:३० ला झोपलो. १:१५ ला घशाशी आंबट आलं, उठून बसलो.' अशा पाच-सहा नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. माणूस दोष मिरचीला देत असतो आणि वही बोट दाखवत असते ती १०:४० आणि ११:३० मधल्या पन्नास मिनिटांकडे.

चालू असलेल्या गोळ्यांची नावंही त्याच वहीत लिहा. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन, छातीच्या दुखण्याच्या नायट्रेट गोळ्या, दम्याची थिओफिलिन यांनी झडप सैल पडू शकते. गुडघ्यासाठी घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक जठराच्या अस्तरालाच इजा करते. हाडांसाठीची अ‍ॅलेंड्रोनेट, मुरुमांसाठी दिलेली डॉक्सिसायक्लिन, लोहाची गोळी या घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच झोपलं तर अन्ननलिकेत चिकटून जखम करतात. त्या पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका. वही घेऊन डॉक्टरांना दाखवा, बहुतेक वेळा पर्याय असतो.

रात्रीचं जेवण

जेवण आणि आडवं होणं यांत तीन तास हवेत. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि मुंबईत जवळपास कुणालाच जमत नाही. लोअर परळला सातला ऑफिस सुटलं, डोंबिवली किंवा विरारला घर गाठेपर्यंत पावणेनऊ-नऊ, हातपाय धुऊन मुलांचा अभ्यास बघून ताटावर बसेपर्यंत दहा, आणि पहाटे पाचचा गजर म्हणून अकराला झोप. त्यात सातच्या भुकेला स्टेशनबाहेर वडापाव झालेला असतो. तळलेलं पोटातून खाली सरकायला वेळ लागतो, त्यामुळे दहाचं जेवण जातं ते आधीच अर्ध्या भरलेल्या पोटात. अशा माणसाला 'साडेसातला जेवत जा' असं सांगणाऱ्याने एकदा त्याच्याबरोबर ती गाडी पकडावी.

जमण्यासारखं आहे ते असं. रात्रीच्या जेवणाचे दोन तुकडे करा. सकाळी डबा भरताना आणखी एक छोटा डबा भरा, दोन पोळ्या आणि कोरडी भाजी. तो ऑफिसमध्येच सव्वासहा-साडेसहाला खा. हे तुमचं खरं जेवण. घरी गेल्यावर वाटीभर मऊ वरणभात, मुगाचं कढण किंवा ताकभात, तोही पोटाला तडस लागेल इतका नाही. वडापावची हाक आपोआप निम्म्याने कमी होते, कारण सात वाजता भूकच नसते. याला घरातून विरोध होतो हे मला ठाऊक आहे. 'घरी येऊन नीट जेवतही नाही' असं आईला किंवा बायकोला वाटतं, तेव्हा ताट मांडून सगळ्यांबरोबर बसा, बोला, पण ताटात वाढून घ्या वाटीभरच. काही आठवडे लागतात घराला सवय व्हायला.

ऐरोली किंवा मालाडला रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळातले आकडे सोडून द्यावेत. तुमच्यासाठी 'रात्रीचं जेवण' म्हणजे झोपायच्या आधीचं शेवटचं खाणं. सकाळी सातला भरपेट पोहे खाऊन आठला पडदे ओढून झोपलात, तर ते रात्री साडेदहाच्या जेवणासारखंच झालं.

उपासाचंही बघू. संकष्टीला दिवसभर चहा, दुपारी शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, आणि चंद्रोदय नऊ-दहाच्या सुमाराला म्हणून तेव्हा पूर्ण पान, वर मोदक, आणि तासाभरात झोप. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी का होते, त्याचं कोडं मला पडत नाही. उपास करायचा असेल तर दिवसा फळं, ताक, राजगिऱ्याचे लाडू असं थोडं थोडं पोटात जाऊ द्या. चंद्र बघून झाल्यावर एक मोदक आणि थोडा वरणभात पुरे, बाकीचं पान सकाळी.

झोपण्याची व्यवस्था

रात्री त्रास होणाऱ्यांना याचा फायदा गोळीइतकाच होऊ शकतो आणि तरी हे करणारे फार थोडे. पलंगाच्या उशाकडचे दोन्ही पाय विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर उचला. नुसत्या दोन-तीन उशा घेऊन चालत नाही. त्यांनी मान वर होते, अंग कंबरेत मोडतं आणि पोटावर उलट दाब येतो. उतार कंबरेपासून डोक्यापर्यंत सलग हवा.

मुंबईच्या घरांत बॉक्स बेड असतो, त्याला पायच नसतात. मग गादीवाल्याकडून फोमची उतरती पाचर कापून घ्या. जाड बाजू सात-आठ इंच, लांबी कंबरेपासून डोक्याच्या वर थोडी, आणि फोम कडक, नाहीतर महिन्याभरात बसतो. जमिनीवर गादी घालणाऱ्यांनी जुन्या गोधड्यांच्या घड्या गादीखाली कंबरेपासून वर पायऱ्यांसारख्या लावाव्यात. आणि डाव्या कुशीवर झोपा. तसं झोपल्यावर जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहतं आणि वर आलेलं आम्ल लवकर परत उतरतं. उजव्या कुशीवर याच्या उलट.

कमरेचा पट्टा एक भोक सैल करा. परकराची नाडीही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसभर पोटावर आवळलेली नाडी म्हणजे आम्लाला खालून दिलेला रेटाच. वजन जास्त असेल, विशेषतः पोट सुटलेलं असेल, तर ते उतरवणं हा यातला सगळ्यात टिकाऊ उपाय. आदर्श वजनापर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही, थोडं उतरलं तरी फरक जाणवतो.

खाण्यातलं काय सोडायचं

सगळ्यांना लागू पडेल अशी यादी नाही. संशयित मात्र ठरलेले आहेत: तळलेलं, तिखट तर्री, टोमॅटोची ग्रेव्ही, कच्चा कांदा, चॉकलेट, पुदिना, फसफसणारी पेयं, दारू. सगळं एकदम बंद केलं की माणूस आठवड्यात कंटाळतो. वहीत ज्याच्यावर खूण पडली आहे ती एक गोष्ट दोन आठवडे बंद करा, फरक पडला तर सोडा, नाही पडला तर खुशाल खा. मिसळ तुम्हाला बाधत नसेल तर माझं म्हणणं काही नाही, फक्त ती रात्री नको. पुदिन्याचं आश्चर्य वाटेल, पण तो झडप सैल करतो. जेवणानंतर पेपरमिंट चघळण्यापेक्षा बडीशेप बरी.

चहा मुंबईकराला सोडवत नाही आणि सोडाच असं मी म्हणणारही नाही. पहाटेचा उपाशीपोटीचा कप नाश्त्याबरोबर न्या आणि दिवसभरातल्या कटिंगची संख्या कमी करा, तेवढ्याने भागतं का ते आधी बघा.

तंबाखूबद्दल मात्र तडजोड नाही. निकोटिनने झडप सैल पडते. यात सिगारेट आली, तंबाखू-चुना आला, आणि बायका ज्याला तंबाखू मानतच नाहीत ती मिश्रीही आली. 'मला कसलंही व्यसन नाही हो' म्हणणाऱ्या काकू दिवसातून तीनदा मिश्री लावत असतात आणि डॉक्टरांनी नेमकं विचारल्याशिवाय ते कधी बाहेर येत नाही.

गार दूध प्यायल्यावर क्षणभर शांत वाटतं, ते खरं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, म्हणून झोपताना पेलाभर दूध हा रात्रीच्या त्रासावरचा उपाय नव्हे. कोकम सरबत मुळात आंबटच आहे. काहींना बरं वाटतं, काहींना चढतं, वहीला विचारा.

घशात बोटं घालून पित्त पाडायची सवय अजून पुष्कळ घरांत आहे. हलकं वाटतं म्हणून लोक ती सोडत नाहीत. प्रत्येक वेळी तेच आम्ल जोराने अन्ननलिकेतून आणि दातांवरून जातं, आणि उमासे जोराचे झाले तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी फाटून रक्तही येऊ शकतं. ही सवय बंदच करा. आपोआप आंबट पाणी तोंडात आलं तर साध्या पाण्याने चूळ भरा, दात मात्र अर्ध्या तासाने घासा.

आयुर्वेदिक आणि घरगुती

अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर असतं, ते रेचक आहे. पोट साफ होऊन बरं वाटतं, पण रोज वर्षानुवर्षं घ्यायची ती वस्तू नाही, आणि त्यात साखर भरपूर असते हे मधुमेह्यांनी लक्षात ठेवावं. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. सूतशेखर रसासारख्या रसौषधींमध्ये पारा-गंधक असतात, त्या वैद्यांच्या देखरेखीशिवाय दुकानातून उचलू नयेत. जेवल्यावर वज्रासनात बसायला हरकत नाही, ताठ बसणं हाच त्यातला फायदा. पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव उपयोगी पडतो, कारण त्या श्वासात हलणारा छाती-पोटामधला पडदा हाच झडपेला बाहेरून आधार देणारा स्नायू. हलासन, शीर्षासन आणि जेवल्या जेवल्या वाकून करायचे व्यायाम टाळा.

औषधं: कोणतं, केव्हा, कसं

दुकानात मिळतात त्यांचे ढोबळ तीन गट आहेत.

पहिला गट लगेच आराम देणाऱ्यांचा. जेल्युसिल, डायजीन यांसारखी अँटासिड्स आम्ल जागच्या जागी मारतात, काही मिनिटांत. उपाशीपोटी घेतलं तर परिणाम अर्ध्या-एक तासात ओसरतो, जेवणानंतर तासाभराने घेतलं तर बराच जास्त टिकतो. अ‍ॅल्युमिनियमने शौचाला खडा होतो, मॅग्नेशियमने पातळ होते. इनोसारखं खाण्याच्या सोड्यावर आधारलेलं फसफसतं औषध म्हणजे सोडियमचा मोठा डोस, रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. अल्जिनेट असलेलं पातळ औषध मला जास्त आवडतं. दुधावर साय धरावी तसा त्याचा थर जठरातल्या अन्नावर तरंगतो आणि वर साचलेल्या आम्लाला अडवतो. जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं. गरोदरपणात जळजळ फार होते आणि तिथेही डॉक्टर बहुधा इथूनच सुरुवात करतात. थायरॉइडची गोळी आणि अँटासिड यांत चार तास अंतर ठेवा.

दुसरा गट फॅमोटिडिनचा. अधूनमधून होणाऱ्या त्रासाला, किंवा जागरण-पार्टीच्या आधी ते ठीक चालतं. रोज घेतलं की काही दिवसांत त्याचा जोर ओसरतो. याच गटातली रॅनिटिडिन एकेकाळी घराघरात होती. तिच्यात एनडीएमए हे कर्करोगकारक मानलं जाणारं द्रव्य आढळल्यावर २०२० मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढायला लावली आणि २०२२ मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ती गेली. जुन्या डब्यात स्ट्रिप पडली असेल तर टाकून द्या.

तिसरा गट म्हणजे पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. सगळी लढाई इथेच हरली जाते, म्हणून सावकाश वाचा. या गोळ्या आम्ल तयार करणारे पंप बंद करतात, पण फक्त त्या वेळी चालू असलेले. पंप चालू होतात ते खाण्यामुळे. आणि गोळी रक्तात टिकते जेमतेम दोन-चार तास. आता आपला मुंबईकर काय करतो बघा. 'उपाशीपोटी घ्या' असं सांगितलंय म्हणून पहाटे साडेपाचला चहाबरोबर गोळी गिळतो, गाडी पकडतो आणि पहिला घास खातो साडेदहा-अकराला. तोवर गोळी निघून गेलेली असते आणि पंप नुकतेच जागे होत असतात. महिनाभर घेऊन 'काही फरक नाही' म्हणतो आणि डोस दुप्पट करून मागतो.

बरोबर पद्धत: दिवसाच्या पहिल्या खऱ्या खाण्याआधी अर्धा ते एक तास. नाश्ता ऑफिसला पोचून दहाला करत असाल तर गोळी सव्वानऊला, गाडीत. पाण्याच्या बाटलीबरोबर, फोडता-चावता कामा नये, तिच्यावरचं आवरण जठरातल्या आम्लापासून तिला वाचवायला असतं. त्रास मुख्यतः रात्रीचा असेल तर डॉक्टरांना विचारून हीच एक गोळी संध्याकाळच्या डब्याआधी घेता येते. पूर्ण परिणाम यायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून जळजळलं की एक, असा तिचा वापर फारसा उपयोगाचा नाही. नेहमीचा कोर्स आठ आठवड्यांचा, रोज एकच. जनऔषधी केंद्रात पॅन्टोप्राझोल बऱ्याच कमी दरात मिळतं आणि काम तेच करतं.

स्ट्रिपवरच्या नावाचा शेवट वाचायची सवय लावा. 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर आत डॉम्पेरिडोनही आहे. ते उलटी-मळमळीचं औषध. त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये ते फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारण आठवडाभरच वापरावं असं ठरवलं. आपल्याकडे लोक ते वर्षानुवर्षं रोज घेतात. हृदयरोग असलेल्यांनी, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांसारखी औषधं चालू असताना तर मुळीच नको. लेव्होसल्पिराइड मिसळलेल्या कॅप्सूलही मिळतात. त्यांनी वयस्कांचे हात थरथरायला लागतात, चाल मंदावते, बायकांची पाळी चुकते. मळमळ नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: नुसतं पॅन्टोप्राझोल चालेल का?

'या गोळ्यांनी किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात' असे संदेश फिरत असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सुमारे साडेसतरा हजार लोकांना साधारण तीन वर्षं पॅन्टोप्राझोल किंवा नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी दिली होती. ठळक फरक आढळला तो फक्त आतड्यांच्या संसर्गात, तो पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांना थोडा जास्त झाला. आम्ल कमी म्हणजे जंतूंना वाट मोकळी. म्हणून पावसाळ्यात ही गोळी चालू असणाऱ्यांनी पाणी उकळूनच प्यावं आणि रस्त्यावरची चटणी टाळावी. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ आणि मॅग्नेशियम अधूनमधून तपासून घ्यावं. स्टेंट बसवल्यावर क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळून पॅन्टोप्राझोल निवडतात.

आठ आठवड्यांनीही फरक नाही

आधी खात्री करा की गोळी खरंच जेवणाआधी घेतली गेली. तसं असेल तर एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतून बघणं. सहा ते आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, तपासणी पाच-दहा मिनिटांची. गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर सोबत कुणीतरी हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. आधी किती दिवस गोळी बंद ठेवायची ते विचारून घ्या. गोळी चालू असताना जखमा भरलेल्या असतात आणि हेलिकोबॅक्टर या जंतूची तपासणीही खोटी कोरी येऊ शकते. हा जंतू अल्सरचं मोठं कारण आहे, हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तो सापडला तर उपचार करायचेच, पण तो गेल्याने घशाशी येणं थांबेल अशी आशा धरू नका, ते दुखणं वेगळं.

रिपोर्टवर 'लॅक्स एलईएस' (झडप सैल) किंवा 'माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस' (जठराच्या खालच्या भागाला थोडी सूज) लिहिलेलं असतं आणि माणूस हादरतो. या दोन्ही शेऱ्यांनी काही सिद्ध होत नाही. बघायचं ते अन्ननलिकेत जखमा आहेत का आणि त्यांची लॉस एंजेलिस श्रेणी काय. ए, बी, सी, डी अशी ती चढत जाते. बी पासून पुढे आम्लाचा आजार पक्का मानतात, सी आणि डी गंभीर. एंडोस्कोपी स्वच्छ आली तर नाकातून बारीक नळी टाकून चोवीस तास आम्ल मोजतात. त्यापैकी सहा टक्क्यांहून जास्त वेळ अन्ननलिकेत आम्ल असेल तर आजार सिद्ध, चार टक्क्यांहून कमी असेल तर कारण बहुधा दुसरं. काहींच्या अन्ननलिकेची संवेदनाच तीव्र झालेली असते. त्यांना आणखी आम्लरोधक देऊन उपयोग नसतो, वेगळी औषधं लागतात. नुसता खोकला, घसा बसणं, घशात गोळा अडकल्यासारखं वाटणं एवढंच असेल आणि जळजळ अजिबात नसेल, तर आधी कान-नाक-घसातज्ज्ञ.

मोठा हर्निया असेल, किंवा गोळ्यांनी जळणं थांबून अन्नच वर येत राहत असेल, तर जठराचा वरचा भाग झडपेभोवती गुंडाळायची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करतात. रुडॉल्फ निसेन यांनी १९५० च्या दशकात ती रूढ केली. काहींना नंतर ढेकर देता येत नाही आणि पोट फुगतं, हे आधी विचारून घ्या.

गोळी थांबवायची कशी

काहींनी ती थांबवू नये: सी किंवा डी श्रेणीच्या जखमा होत्या, बॅरेट्सचं, म्हणजे आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदलल्याचं, निदान आहे, अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झाला आहे, किंवा हृदयासाठी दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. बाकीच्यांनी आठ आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून प्रयत्न करावाच.

बंद केल्यावर पहिले काही आठवडे आम्ल उसळी मारतं. डेन्मार्कमधल्या २००९ च्या अभ्यासात मुळात कसलाही त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिलं. बंद केल्यावर त्यांच्यातल्या ४४ टक्के जणांना जळजळ किंवा अपचन सुरू झालं, दिखाऊ गोळीवाल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे गोळी सोडल्यावर जळलं, याचा अर्थ आजार परत आला असाच नाही. एकदम बंद केली तरी चालते, पण बहुतेकांना उतरत्या पायरीने सोपं जातं: ४० ऐवजी २० मिलिग्रॅम दोन आठवडे, मग एकाआड एक दिवस दोन आठवडे, मग बंद. मधल्या काळात जळलंच तर अल्जिनेट किंवा अँटासिड. ही सुरुवात गणपती-दिवाळीच्या तोंडावर किंवा लग्नसराईत करू नका. पलंगाखाली विटा आणि संध्याकाळचा डबा मात्र तसाच चालू ठेवा.

महिन्याभरानंतरही त्रास तसाच राहिला तर तो बहुधा उसळीचा नव्हे. मग २० मिलिग्रॅमची गोळी पुन्हा सुरू करा, वेळेवर, आणि वही घेऊन डॉक्टरांना भेटा.